खंडेनवमीची रायफल

लक्ष्मीपुरीतल्या तांदळाच्या व्यापाऱ्याने पोरीला रायफल घेऊन दिली, ही बातमी बाजारात तांदळाच्या भावापेक्षा लवकर पसरली. पहिले आठ दिवस दुकानात पाय ठेवणारा प्रत्येक जण पोत्यात हात घालायच्या आधी तेच विचारायचा, "राजशेखरअण्णा, एके फोर्टीसेव्हन आणलासा म्हणं?" मी सांगून सांगून थकलो. हवेची रायफल आहे, एका वेळी एकच छर्रा सुटतो, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडते, माणसाला नाही. पण कोल्हापुरात एकदा लोकांनी तुमची चेष्टा करायचं ठरवलं की खरं काय ते ऐकायला कुणी थांबत नाही.

सगळ्यात जास्त चेष्टा विजयसिंहची. आमच्या गाळ्याला लागून त्याचा तेलाचा गाळा. माणूस दिलदार, पण तोंड म्हणजे भोंगा. त्याची संयोगिता आणि माझी शिवांजली एकाच क्लबात नेमबाजी शिकतात. संयोगिताकडे जर्मन रायफल. आम्ही घेतली ती आपल्या देशात बनलेली. जर्मनच्या पैशात आमच्यासारख्या चार-पाच आल्या असत्या. विजयसिंह चहा पिता पिता म्हणायचा, "अण्णा, रायफल घेतलीस का मिसळीवर फुकट मिळाली?"

मी राग गिळायचो. राग गिळणं मला जमत नाही, ते घरी विचारा. पण इथे गिळला, कारण मी भुललो नव्हतो. घेण्याआधी क्लबच्या स्वप्नाली मॅडमनी ती रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांत दाबून ठेवली आणि स्वतः पाच छर्रे मारले. पाचांचं मिळून एकच भोक. मॅडम फारशा बोलत नाहीत. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जर्मन रायफल खेळणाऱ्याला सांभाळून घेती. ही न्हाय सांभाळत. पर खोटं बोलत न्हाय. शिकणाऱ्या पोरीला ह्यापेक्षा काय पायजे?"

मला ते पटलं. माझा सगळा धंदा काट्यावर चालतो. काटा दिसायला कसा आहे ते कुणी बघत नाही, खरं बोलतो का एवढंच बघतात.

शिवूचं बारावीचं वर्ष. त्यामुळे रायफल घेतानाच आमच्या दोघांत बोली झाली होती. दिवाळीनंतर राज्य स्पर्धेची निवड चाचणी. तीत नाव निघालं तर नेमबाजी चालू, मी आडवा येणार नाही. नाही निघालं तर रायफल क्लबला देऊन टाकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. पोरीने हात पुढे करून टाळी दिली. दोन वर्षं क्लबच्या जुन्या रायफलीवर झगडलेली पोर ती. स्वतःची रायफल हातात आल्यावर तिला हरण्याची भीती वाटतच नव्हती. पावसाळाभर ती अशी खेळली की मॅडमसुद्धा एकदा हसल्या.

मग खंडेनवमी आली.

आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे दुकानातली सगळी हत्यारं पाटावर. तराजू, मापं, पोत्यात खुपसून दाणे काढायची पितळी नळी, विळी, स्कूटर आणि मोटार दारात उभ्या. पूजा करणार माझी आई शांतव्वा, म्हणजे आमची अव्वा. तिचं माहेर संकेश्वरकडचं, त्यामुळे निम्मी पूजा कानडीत आणि निम्मी आमच्यावर ओरडण्यात. डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "दिसायचं ते समदं बघून झालंय." त्या दिवशी तिने हुकूम सोडला, "बंदूक मधी ठेव. ह्या घरात खरं हत्यार पहिल्यांदाच आलंय."

शिवूने रायफल पाटाच्या मधोमध ठेवली. अव्वाने चाचपडत चाचपडत तिच्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले, झेंडूची माळ घातली, हळद-कुंकवाने ओल्या केलेल्या अक्षता मूठभरून टाकल्या. अक्षता आजऱ्याच्या घनसाळच्या. दुकानात पंधरा जातींचे तांदूळ असले तरी देवाला घनसाळच, हा तिचा नियम. दुसरा नियम असा, की अक्षता हाताने झाडायच्या नाहीत. आपण होऊन पडतील तेवढ्या पडू द्यायच्या, राहतील त्या राहू द्यायच्या.

या नियमाला आमच्याकडे एकच सूट, ती तराजूला. ती माझ्या वडिलांनी घालून दिली. दसऱ्याला दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाआधी काटा फडक्याने पुसायचा. ते म्हणायचे, "दाणा देवाचा असला तरी काट्यावर राहिला की गिऱ्हाइकाला तेवढा कमीच जातो." मी त्या दसऱ्यालाही काटा पुसला. रायफल पुसायची असते हे ना मला सुचलं ना शिवूला. तिने सीमोल्लंघनाच्या दिवशी ती उचलली, दोन्ही बाजूंनी तिरकी केली, अक्षता घरंगळून पडल्या, भस्म वाऱ्यावर गेलं. देवाचं देवाकडे गेलं असं आम्ही धरून चाललो.

दसऱ्यानंतर पहिल्याच सरावाला शिवू घरी आली ती सरळ झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने मॅडमचा फोन आला, "घरात काय झालंय काय? पोरीचं ध्यान कुठं हाय?" घरात काही झालं नव्हतं. मॅडमनी तिचं उभं राहणं तपासलं, श्वास तपासला, बोट तपासलं. सगळं जागच्या जागी. आणि छर्रे मात्र दहाचा ठिपका सोडून भलतीकडे. तो ठिपका केवढा असतो माहीत आहे? खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. तिथे केसभर हललं की गुण गेले.

दिवाळीत पोरीने फराळाला हात लावला नाही. बायको, पवित्रा, मला म्हणाली, "तुमीच ती बोली केलासा. आता तुमीच मोडा." मी मोडणार होतो, खरंच. पण शिवूच म्हणाली, "अप्पा, टाळी दिलीया. मोडायची न्हाय." मग मी चिडलो. कुणावर, ते माझं मलाच कळेना, म्हणून सगळ्यांवर चिडलो.

शेवटी विजयसिंहच क्लबात आला. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. "संयोगिताची रायफल घेऊन बघ ग बाळ," एवढंच म्हणाला. शिवूने जर्मन रायफल खांद्याला लावली आणि एकामागून एक छर्रे दहाच्या ठिपक्यात घातले.  म्हणजे पोरीचा दोष नव्हता, रायफलीचा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या कंजूषपणापायी पोरीचं वर्ष गेलं, हेच सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं.

बाहेर येऊन मी रायफलीच्या कारखान्याला फोन लावला आणि लक्ष्मीपुरीच्या भाषेत जे काही बोलता येतं ते सगळं बोलून घेतलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "पाठवून द्या साहेब, तपासतो. पंधरा दिवस लागतील." चाचणीला आठवडा उरला होता. विजयसिंहने त्याची रायफल देऊ केली, मनापासून देऊ केली, पण चाचणीला दोघी पोरी एकाच फेरीत. एक रायफल दोघींच्या खांद्याला कशी लावणार?

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करून आलो तर गॅलरीतल्या वाळत घालायच्या दोरीवर कपड्यांऐवजी नेमबाजीचे कागद लटकत होते. चिमटे लावून ओळीने. शिवू समोर उभी, हात पाठीमागे. मला वाटलं, पोरगी सगळं फाडायच्या आधी शेवटचं बघतेय.

"जेवायला चल," मी म्हटलं.

"अप्पा, हे बघा आधी." तिचा आवाज गेल्या महिन्यात पहिल्यांदाच सरळ होता. "माझी चूक असती तर भोकं चारी बाजूला विस्कटली असती. ही विस्कटलेली न्हाईत. एकाखाली एक उतरत्यात. जिना उतरल्यासारखी. ह्या कागदावर बघा, ह्याच्यावर बी बघा."

मी चष्मा लावला. खरंच की. प्रत्येक कागदावरची भोकं वरून खाली चालत गेली होती.

"रायफलीचा सिलिंडर हवेनं भरलेला असला की वरती लागतंय," ती म्हणाली. "हवा कमी कमी हुईल तसं खाली."

"मग हवेचाच दोष. मशिनच बोगस हाय!" माझा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"थांबा की वो. हवेचा दोष असता तर छर्र्याचा वेग बदलला असता. मॅडमनी वेग मोजलाय, शेवटपर्यंत तोच हाय. छर्रा बरोबर सुटतोय, नळीच हालतीया. कायतरी नळीला ढकलतंय."

तिने रायफल बाहेर आणली. या रायफलीत नळीच्या खाली हवेचा सिलिंडर असतो आणि दोघांच्या मध्ये बारीकशी फट. नळी मोकळी राहावी, कशाला टेकू नये, म्हणून ती फट मुद्दाम ठेवतात. शिवूने वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली, पुढून फटीत घातली आणि हळूहळू मागे सरकवू लागली. कागद सुळकन निघाला. सुळकन निघाला आणि अडला. तिने परत पुढे घेतला, परत मागे. त्याच जागी अडला. नळी आणि सिलिंडर एकत्र धरणाऱ्या कड्याच्या अगदी मागे.

"आई, सुई दे ग," ती ओरडली.

पवित्रा सुई घेऊन आली. शिवूने फटीत सुई घालून हळूच टोकरलं. काहीतरी टपकन माझ्या तळहातावर पडलं. लालसर पिवळं, वाळून कडक झालेलं. मी ते बोटात धरून दिव्याजवळ नेलं. बुटका, टपोरा दाणा. या दाण्यात माझा जन्म गेलाय, मला ओळखायला वास घ्यावा लागत नाही, तरी मी घेतला.

"घनसाळ," मी म्हटलं. "आपल्याच दुकानातला."

आम्ही तिघांनी एकाच वेळी आतल्या खोलीकडे बघितलं. आत अव्वा टीव्हीवर कानडी मालिका ऐकत होती आणि त्यातल्या सासूला शिव्या देत होती.

ओली अक्षता फटीत घरंगळली, हळद-कुंकवासकट तिथेच वाळली आणि पाचरीसारखी बसली. सिलिंडर हवेने भरला की केसभर फुगणार, तो तिला ढकलणार, ती नळीला ढकलणार. हवा उतरली की दाब उतरणार, नळी खाली येणार. मी आयुष्यभर दसऱ्याला काटा पुसत आलो, आणि घरातला सगळ्यात नाजूक काटा तसाच पोरीच्या हातात दिला. मला आधी हसू आलं, मग स्वतःच्या मुस्काटीत मारावीशी वाटली.

शिवू मात्र रायफलीच्या नळीवरून हात फिरवत होती, लहानपणी कुत्र्याच्या पिल्लावरून फिरवायची तसा. "अप्पा," ती म्हणाली, "ही बिघडली नव्हती वो. एका तांदळाची खबर देत हुती, रोज. आमीच ऐकून घेतली न्हाय. आन हिला लोक स्वस्तातली म्हणत्यात."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. आलं तर आलं, त्यात लपवायचं काय.

दुसऱ्या दिवशी क्लबात शिवूने मारलेला कागद बघून मॅडमनी तो माझ्यापुढे धरला. "सांगितलं हुतं न्हवं? खोटं बोलत न्हाय." विजयसिंहने दाणा बघायला मागितला, उलटापालटा केला आणि कपाळावर हात मारला. "अण्णा, तुझी रायफल तांदूळ पारखती रं! दुकानात बसव तिला, तू घरी बस." या वेळी मी पण हसलो.

एकच गोष्ट राहिली होती. अव्वा. मी घरात ताकीद दिली, तिला यातलं काहीही सांगायचं नाही. म्हातारीने मनोभावे केलेल्या पूजेने नातीचा महिना वाया गेला, हे तिला कळून काय मिळणार होतं? शिवूला ते पटलं नाही. "फसवल्यासारखं वाटतंय," म्हणाली. पण मी बाप आहे, माझंच खरं.

चाचणीच्या दिवशी मी पहाटेच रायफल गाडीच्या डिकीत ठेवली, वर सतरंजी टाकली. निघताना दारात अव्वा उभी. हातात तबक. निरांजन, भस्म आणि वाटीत अक्षता. "बंदूक आण बाहेर," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बंदूक मॅडमकडं हाय अव्वा. तिकडंच ठेवली रात्री."

अव्वाने माझ्याकडे बघितलं. तिला माझा चेहरा नीट दिसत नाही हे मला माहीत आहे, तरी मी मान खाली घातली. तिने शिवूच्या गालावरून हात फिरवला आणि भरलेलं तबक घेऊन तशीच आत गेली. गाडीत शिवू सगळा रस्ता काचेबाहेर बघत बसली. मला वाटलं, मी पोरीचं मन स्पर्धेआधीच मोडलं.

हॉलमध्ये पालकांना मागे खुर्च्या. प्रत्येक पोरीच्या डोक्याच्या वर एक स्क्रीन, त्यावर तिचा नेम लगेच दिसतो. शिवूचे पहिले छर्रे चांगले गेले. मग मध्येच एक नऊच्याही खाली.  परत दाणा? परत नळी सरकली? मी मॅडमकडे बघितलं, त्या ढिम्म. शिवूने रायफल खाली घेतली, स्टँडवर टेकवली, खांदे सैल सोडले. आणि मी बघितलं, ती हसत होती. एवढा वाईट नेम लागला आणि पोरगी हसत होती. मान वळवून तिने मॅडमना स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं. ही माझी चूक, रायफलीची नाही.

तेव्हा मला कळलं की पोरीला काय परत मिळालं होतं. महिनाभर प्रत्येक चुकीला तिला विचारावं लागत होतं, मी का ही? आता विचारायचं कारण नव्हतं. स्वतःची चूक दुरुस्त करता येते. तिने श्वास घेतला, रायफल परत उचलली आणि शेवटपर्यंत पुन्हा तशी चूक केली नाही.

यादी लागली तेव्हा निवडलेल्यांत संयोगिता वरती आणि शिवांजली अगदी तळाला, पण यादीच्या आत. विजयसिंहने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय.

घरी आलो तर अव्वा देवघरासमोर बसलेली. तबक सकाळचं तसंच. शिवूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ डिकीतून रायफल आणली, अव्वासमोर मांडी घालून बसली आणि सगळं सांगितलं. अक्षता, फट, उतरणारी भोकं, सुई, सकाळची सतरंजी. म्हातारीचं बोट धरून नळी आणि सिलिंडरमधल्या फटीवरून फिरवून दाखवलं. मी दारात उभा होतो, पळून जावंसं वाटत होतं.

अव्वा बराच वेळ फट चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुझा आज्जा काटा पुसायचा. मला राग यायचा तवा. देवाचं कशाला पुसतासा म्हणायची मी. आज कळलं बघ." मग माझ्याकडे तोंड करून, "आन तू. डोळं गेल्यात माजं, अक्कल न्हाय गेलेली. सांगायला काय झालं हुतं?"

मी उंबऱ्यावर बसलो. 

"बा इल्ली," ती शिवूला म्हणाली. जवळ ये. शिवू सरकली. अव्वाने रायफल बाजूला सारली आणि नातीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. एकेक बोट चाचपलं. "चाप कुठल्या बोटानं वडतीस?"

"ह्या."

अव्वाने तबकातलं भस्म घेतलं आणि त्या बोटावर तीन पट्टे ओढले. हळू, नीट, रायफलीवर ओढले होते त्याहून नीट. वर अक्षतांचे दोन दाणे ठेवले, ते लगेच घरंगळले.

"हत्यार ही माजी नात हाय," ती म्हणाली. "पुढल्या खंडेनवमीला हिलाच पाटावर बसवायची. आन ध्यानात ठेव, भस्म झाडायचं न्हाय. आपणहून जाऊ दे."

त्या रात्री पवित्राने मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा केला नव्हता, आमच्याकडे होत नाही, पण घनसाळचा भात होता आणि वर तूप. शिवूने उजवा हात मांडीवर जपून ठेवला आणि सगळं जेवण डाव्या हाताने, चमच्याने जेवली.